बियाचं वांगं

परवा माझा नातू पुण्याहून आला आणि दारातूनच ओरडला, "आजी, आम्हाला सीड फंडिंग मिळालं!" मित्रांनी मिळून मोबाइलवरचं काहीतरी काढलंय, त्याला कुणीतरी पैसे दिले, एवढं मला कळलं. मी विचारलं, "कशाचं बी?" तो हसत सुटला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. मी गंमत करत नव्हते. ज्या घरात मी वाढले तिथे कुणी बी म्हटलं की पुढचा प्रश्न हाच असायचा. सरकीचं, तुरीचं, ज्वारीचं, कशाचं? नुसतं बी असं जगात काही नसतं. मी जन्मभर सौसरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पण मला इंग्रजीतले पहिले शब्द भेटले ते राजा-राणीचे नव्हते, सफरचंदाचेही नव्हते. ते सगळे बियांचे होते, आणि पांढुर्ण्याला माझ्या वडिलांच्या, म्हणजे बाबूजींच्या, दुकानाबाहेरच्या काळ्या फळ्यावर भेटले.

बाबूजींचं बीज भंडार होतं. पुढे दुकान, मागे आम्ही, त्यामागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला मोरीच्या पाण्यावर पोसलेला वांग्यांचा वाफा. पांढुर्णा तेव्हा तहसिलीचं गाव होतं, आता जिल्हा झाला आहे, तरी मोऱ्या तशाच वाहतात. घरभर पोत्यांचा वास आणि औषध लावलेल्या गुलाबी बियांचा एक गोडसर, घशात बसणारा वास असे. पहाटे मालगाडी तिगावकडे निघाली की भांड्यांच्या फळीवरचे पेले किणकिणत, आणि त्यानंतर जिनिंगचा भोंगा होईपर्यंत आत्याच्या सुपाचा आवाज. आई भाकरी थापी, आत्या काहीतरी पाखडत असे आणि बाबूजी कव्हर फाटलेली डिक्शनरी घेऊन ओट्यावर बसत. त्यांचं शिक्षण नववीत थांबलं होतं, पण इंग्रजी मात्र थांबायला तयार नव्हतं. कंपनीच्या पाकिटांवर सगळं इंग्रजीत छापलेलं असे आणि बाबूजींचं ठाम मत होतं की ज्या मालावर इंग्रजी असतं त्याचा भाव कुणी पाडून मागत नाही. "मराठीत लिहिलं का लोक घासाघीस करते," ते म्हणत. "इंग्रजी दिसलं का गुमान घेते."

म्हणून फळा. एका बाजूला कापसाचा भाव, दुसऱ्या बाजूला 'आजचा शब्द' आणि त्याचा अर्थ. शब्द बाबूजी निवडत, लिहायची मी, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि बाबूजींचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती. शब्द बियाण्यांशी संबंधित हवा, हा त्यांचा नियम. दुकानाला शोभलं पाहिजे. जर्मिनेशन म्हणजे उगवण, इथून सुरुवात झाली. मग संत्र्याच्या बियाला पिप म्हणतात, आंब्याच्या कोयीला स्टोन, हे कळल्यावर सकाळी बाकावर बसणाऱ्या मंडळींनी इंग्रजांना पैकीच्या पैकी गुण दिले. एकानं विचारलं, "आन सरकीले का म्हणते?" बाबूजींनी पानं उलटली. "कॉटन सीड." तो माणूस वाट बघत राहिला. "बस? म्हणजे तिले तिचं नावच नाई?" आमच्याकडचा कापूस इंग्रजांनी गाड्याच्या गाड्या भरून नेला आणि सरकीला साधं एक नाव दिलं नाही, याचं त्या माणसाला फार वाईट वाटलं. त्या दिवशी इंग्रजीची पत जरा घसरली.

ती आणखी घसरली 'सो वन्स वाइल्ड ओट्स' या दिवशी. डिक्शनरीत अर्थ होता, तारुण्यात उच्छृंखलपणे वागणे. शब्दशः म्हणजे रानटी ओट पेरणे. ओट आमच्यात कुणी पाहिलेला नव्हता. बाबूजींनी समजावलं की गव्हात आपोआप माजणारं तण असतं ना, त्यातलाच प्रकार. बाकावरचा म्हातारा बराच वेळ फळ्याकडे बघून म्हणाला, "पण हे पेरते कोण बाप्पा? हे तं न पेरताच येते." मी पुढे कैक वर्षं मुलांना हा वाक्प्रचार शिकवला आणि दर वर्षी मला त्या म्हाताऱ्याचाच अर्थ जास्त खरा वाटला.

पण खरी लढाई झाली ती 'गो टू सीड'वरून, आणि ती बाकावर नाही, घरात झाली. आत्या, म्हणजे बाबूजींची थोरली बहीण. आम्ही तिला आत्या म्हणायचो, बाबूजी आणि आई तिला बाई म्हणत. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती आमच्याकडेच राहिली. तिला अक्षर येत नव्हतं, पण फळ्यावर काय लिहिलं हे ती रोज विचारून घेई, जसं लोक पंचांग विचारतात. मी सांगितलं, "गो टू सीड. शब्दशः म्हणजे बियावर येणे. अर्थ म्हणजे निगा न राखल्यामुळे बिघडून जाणे, वाया जाणे."

आत्याचं सूप थांबलं. "बियावर आलं म्हणजे वाया गेलं?"

"डिक्शनरीत तसं आहे."

"अरे पण बियावर येऊ नाई देलं तं पुढल्या साली पेरतीन का, डोस्कं?" ती बाबूजींवर गरजली. "कोण हे लोकं? बी कुठून आणते मंग?"

बाबूजी डिक्शनरीची बाजू घेऊन म्हणाले, "आणत असतीन कुठून तरी. इकत घेत असतीन."

"इकत," आत्या म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. दुकान बियाणं विकण्यावरच चालत असल्यामुळे बाबूजींनी पुढे वाद घातला नाही.

आत्याला राग येण्याचं कारण वाफ्यात होतं. तिच्याकडे एक वांगं होतं. हिरवट पांढरं, जांभळ्या रेषांचं, दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढं, आणि भाजलं की सालीतून लोण्यासारखं सुटणारं. हे वांगं कुठल्याच पाकिटात मिळत नसे. आत्याचा नवरा जामसांवलीपलीकडच्या एका खेड्यातला, त्यानं आपल्या मळ्यात वर्षानुवर्षं चांगलं झाड, त्यातलं चांगलं फळ निवडत निवडत ते वांगं घडवलं होतं. तो गेल्यावर शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दिराशी तंटा झाला. बाबूजी तिकडे गेले, अंगणात उभे राहून सगळ्या गावादेखत म्हणाले, "तुमच्या घरचा दाणासुद्धा नको आम्हाले," आणि बहिणीला घेऊन आले. दाणा नको असं म्हणून बाबूजी तडक बैलगाडीत बसले तेव्हा आत्याच्या पदराच्या गाठीत त्या वांग्याचं बी होतं. तिनं माहेरी आणलं ते एवढंच.

बी धरायची पद्धत आमच्याकडे घरोघरी होती. हंगामात जे फळ सगळ्यांत उजवं निघेल त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते बियाचं झालं. ते कुणी तोडायचं नाही, त्याची भाजी करायची नाही, गर्भारशीला डोहाळे लागले तरी नाही. ते झाडावरच पिकून पिवळं होऊ द्यायचं, मग त्याचं बी काढून शेणात कालवून भिंतीला थापायचं, म्हणजे कीड लागत नाही. आणि बी मागायला कुणी दारात आलं तर त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, का हवं ते विचारायचंही नाही. आत्यानं या गल्लीत कितीजणींना रोपं दिली. वांगी सगळ्यांनी खाल्ली, बी मात्र एकीनं धरलं नाही. बियाण्याचं दुकान शेजारीच असताना कोण कशाला धरेल? म्हणजे आमच्या दुकानाच्या सावलीत आत्याच्या वांग्याची वंशवेल एकाच वाफ्यावर येऊन टेकली होती, आणि ते आम्हाला कुणालाच दिसत नव्हतं.

त्या वर्षी वाफ्याला पोखरणारी अळी लागली. चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरी वांगं खात नसत. त्या दिवशी भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य झाला, जी काही धड वांगी होती ती आत्यानं आजूबाजूला वाटून टाकली आणि किडकी झाडं उपटली. मागच्या वर्षीचं बी सगळं पेरून संपलं होतं, म्हणून एकच झाड राखलं. त्याच्यावर एकच वांगं, चिंधी बांधलेलं. ते तेव्हा अजून कोवळं होतं, पण आकार असा की येणारा जाणारा थांबून बघे.

आणि शनिवारी सकाळी, कसलीही वर्दी न देता, नागपूरहून कंपनीचे साहेब आले. आख्ख्या तहसिलीचा माल कोणत्या दुकानातून विकायचा हे ते ठरवणार होते, आणि त्यांनी चहा पिता पिता सहज म्हटलं की तुमच्याकडचं भरीत फार ऐकलंय, बाजारात मात्र सकाळपासून चांगलं वांगं दिसलं नाही. बाबूजी आत आले. आई म्हणाली, पातोडीचा रस्सा करते. बाबूजी म्हणाले, भरीत. आई म्हणाली, वांगी सरली. बाबूजी अंगणात बघत होते.

आईनं ते कुठे बघतात ते ओळखलं. "अवो, ते बियाचं हाये," ती म्हणाली. "बाई मारुतीले गेल्या, येऊ द्या त्याईले."

"एका वांग्यानं का होते?" बाबूजी म्हणाले. "बियाचं तं दुकान हाये आपलं!"

हे वाक्य ते अगदी मनापासून बोलले. खोटेपणा किंवा दुष्टपणा त्यात नव्हता, म्हणूनच ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. पोत्यांनी बी विकणाऱ्या माणसाला एका वांग्याच्या बियांचं काय! त्यांनी चिंधी सोडायच्या भानगडीत न पडता वांगं ओढलं, आणि त्याचा देठ असा घट्ट होता की फांदीबरोबर झाडाचं खोडच मधून फाटलं. थोडा वेळ ते फाटलेले दोन भाग हातांनी जुळवून उभे राहिले, जसं काही सोडलं नाही तर ते चिकटेल. मग साहेबांनी आतून हाक मारली.

वांगं पऱ्हाटीच्या जाळावर भाजलं. कापसाच्या काड्यांचा जाळ झरझर असतो, साल तडतडते आणि तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. लसणाची पात, कच्चं तेल, हिरव्या मिरच्या, भाजलेले शेंगदाणे. साहेबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वाह! कौन-सी वैरायटी है?"

खरं सांगायला किती शब्द लागले असते? बहिणीच्या घरचं आहे, एवढं पुरलं असतं. पण बाबूजींच्या समोर कंपनी बसली होती. "तुमचीच साहेब," ते म्हणाले. "तुमच्याच पाकिटातली." त्या पाकिटांवर 'ट्रूथफुल लेबल' असं छापलेलं असे. त्याचा अर्थ बाबूजींनीच पूर्वी मला समजावून सांगितला होता, की माल खरा असल्याचं मालवाला स्वतःच सांगतो, दुसरं कुणी तपासत नाही. त्यांनी त्या दिवशी तेच केलं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी दुसरी भाकर मागितली.

नेमकी तेव्हाच आत्या मागच्या दारानं आली. ती दर शनिवारी बायकांबरोबर जामसांवलीच्या मारुतीला जायची. तिचं सासर तिथून पुढे चालत जाण्याच्या अंतरावर, पण ती मारुतीपासूनच परत फिरे, त्या वाटेकडे बघतही नसे. अंगणात तिनं फाटलेलं झाड पाहिलं. मी दारात उभी होते, मला वाटलं आता आभाळ कोसळेल. तिनं मातीत पडलेली लाल चिंधी उचलली, झटकली, कमरेला खोचली. हात धुतले, आत आली आणि साहेबांच्या ताटात भाकर वाढली. घरात जेवायला बसलेल्या माणसाला काही बोलायचं नसतं. साहेब म्हणाले, "माताजी, बहोत बढ़िया बैंगन है." ती म्हणाली, "घ्या अजून."

साहेब गेल्यावरही ती बोलली नाही, आणि हे आमच्या घरात फारच भयंकर होतं. आत्या भांडणारी बाई. पाणी भरतानाही ती बादलीशी भांडे. आता सुपाचा आवाज गेला आणि पहाटेच्या मालगाडीनंतर भोंग्यापर्यंत घर नुसतं शांत. मोरीचं पाणी वाफ्यात जाऊन साचत राहिलं, तिनं त्याला वाट करून दिली नाही. इकडे साहेबांनी रस्त्यातल्या प्रत्येक दुकानात सांगितलं की पांढुर्ण्याला आपल्या बियाण्याचं काय वांगं आलंय! लोक ते पाकीट मागत येऊ लागले. आत्याच्या शेवटच्या वांग्यानं कंपनीचा जेवढा खप केला तेवढा कंपनीच्या रंगीत चित्रानंही केला नसेल.

बाबूजींनी एक दिवस तेच पाकीट आणून तिच्यापुढे ठेवलं. "बाई, हे लाव. सुधारित हाये. त्याच्याऊन मोठं येते."

आत्यानं पाकीट उलटंपालटं करून बघितलं, जसं काही तिला वाचता येतं. "तुह्या दुकानात नवरा भेटते का रे पाकिटात?" ती म्हणाली. "ते तुह्या भाऊजीच्या हातचं होतं. माह्याजवळ दुसरं का होतं?" आणि ती रडली. सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता. मी तिला तोवर रडताना पाहिलं नव्हतं, ती सासरहून आली तेव्हाही नाही. बाबूजी पाकीट हातात घेऊन उभे राहिले आणि मग ते कुठे ठेवावं हे न सुचल्यासारखे ते घेऊनच दुकानात गेले.

दुकानाबाहेर फळ्यावर त्या आठवड्यात जो शब्द होता तो तसाच राहिला होता. कुणाला वाटेल मी आता जुळवून सांगते आहे, पण मीच माझ्या हातानं तो लिहिला होता, साहेब येण्याच्या आदल्या दिवशी: 'टू ईट वन्स सीड कॉर्न. पेरणीसाठी राखलेले बियाणे खाऊन टाकणे, मूर्खपणा करणे.' बाबूजींनीच तो शोधला होता आणि त्यांना तो फार आवडला होता, कारण त्यात इंग्रजांची आणि आपली अक्कल पहिल्यांदाच जुळत होती. मी खडू घेऊन रोज विचारी, "आजचा शब्द?" ते म्हणत, "राहू दे." बाकावरचा म्हातारा म्हणाला, "शेठ, शब्द बदलून नाई राहिले?" बाबूजी त्याच्याकडे न बघता म्हणाले, "अजून पाठ नाई झाला."

नंतर एका सकाळी त्यांनी दुकान उघडलंच नाही. धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकला आणि आत येऊन म्हणाले, "बाई, चाल. तुह्या सासरी जाऊ." आत्या म्हणाली, "तू का तोंड घेऊन जाशीन?" ते म्हणाले, "हेच. दुसरं कुठून आणू?" मला का बरोबर घेतलं कोण जाणे, बहुधा लहान पोर मध्ये असली की माणसं जरा कमी ओरडतात म्हणून. निघताना बाबूजींनी सवयीनं पिशवीत भेट म्हणून बियाण्यांची पाकिटं भरली. आईनं ती बाहेर काढली आणि त्या जागी संत्री भरली.

बसनं जामसांवलीच्या फाट्यावर उतरलो. मारुतीपर्यंतची वाट आत्या भरभर चालली, तिच्या पायाखालची होती. त्यापुढे मात्र ती मागे मागे राहू लागली आणि बाबूजी पुढे. गावात शिरल्यावर माणसं ओट्यांवरून बघत होती. हाच तो, दाणासुद्धा नको म्हणणारा. अंगणात आत्याचा दीर बैलाला पेंड घालत होता. सरकीची पेंड, मला आठवतं. बाबूजी जिथे उभे राहून ओरडले होते बहुतेक तिथेच उभे राहिले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोन्ही हातांवर पसरला आणि म्हणाले, "बी मागाले आलो. वांग्याचं."

दिरानं हातातलं घमेलं खाली ठेवलं. का, कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही, ती पद्धतच नव्हती. पण देणार काय? त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "बसा," तो म्हणाला. "पण भाऊ, आता बी कोण धरते? पाकीट आणतो आम्ही. पोरगा जाते पांढुर्ण्याले, तुमच्याच दुकानातून आणते. तुमाले नाई दिसला का?"

बाबूजींना तो दिसलाच असणार. कितीतरी पोरं यायची. त्यांनी त्याला पाकीट दिलं असणार, वर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचून दाखवलं असणार, आणि तो गुमान घेऊन गेला असणार. पसरलेला दुपट्टा त्यांना लगेच आवरताही येईना. आत्या मागे फिरली. "चाल," ती मला म्हणाली. "झालं."

"मोठ्या बाई," आतून हाक आली. आत्याची धाकटी जाऊ, सुभद्रा, दारात उभी होती. हात शेणानं भरलेले. "आल्या तशा चालल्या? आत तं या."

आत्या उंबऱ्याशी अडखळली. सुभद्रा तिला मधल्या खोलीतून मागच्या खोलीत घेऊन गेली, जी पूर्वी आत्याची होती. तिथे आता कांदे पसरलेले होते आणि एका कोपऱ्यात वखराचं सामान. भिंती नुकत्या सारवलेल्या, गुळगुळीत. पण चुलीच्या बाजूच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, एक तळहाताएवढी काळपट, वाळलेली शेणाची चापट होती. सारवण तिच्या कडेकडेनं फिरून गेलेलं, एकावर एक इतके थर की भिंत जाड होऊन ती चापट आत खड्ड्यात बसल्यासारखी दिसत होती. तिच्यावर चार बोटं उमटलेली होती.

"तुमीच थापलं होतं," सुभद्रा म्हणाली. "त्या सालचं बी. दिवाळीले भिंत सारवतो तं तेवढी जागा सोडतो. हे म्हणते, खरवडून टाक. मी म्हटलं, राहू द्या, बाईचा हात हाये त्याच्यावर." आणि मग जरा चिडूनच म्हणाली, "कधी तरी यान असं वाटलं होतं. इतके दिस लावते का?"

आत्यानं हात वर केला आणि आपली चार बोटं त्या चार बोटांवर ठेवली. बरोबर बसली. दोघी जावा मग तिथेच कांद्यांत बसून रडल्या आणि लगोलग भांडल्या, कुणी कुणाला आधी बोलवायला हवं होतं यावरून. आत्याचा आवाज चढलेला ऐकून बाहेर बाबूजींनी डोळे पुसले, हे मी खिडकीतून पाहिलं.

सुभद्रानं खुरप्यानं ती चापट अलगद सोडवली. आत्यानं ती दोन हातांनी मोडून अर्धी सुभद्राच्या हातावर ठेवली. "तुह्या परसात लाव. आन बी धर, नाईतर पाहा." दुसरी अर्धी बाबूजींच्या दुपट्ट्यात पडली. परतीच्या बसमध्ये त्यांनी तो मांडीवर असा धरला होता की कंडक्टरनं विचारलं, "प्रसाद हाये का?" बाबूजी म्हणाले, "व्हय."

घरी आल्यावर बी ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवलं. बाबूजी दर दिवशी फडकं उघडून बघत आणि आत्या त्यांच्या हातावर चापट मारून ते मिटवी. बी चार-पाच वर्षांचं जुनं, बरंचसं मेलेलं. शेवटी मोजकेच पांढरे कोंब बाहेर आले. सवय वाईट, बाबूजींनी उगवणीचा टक्का मनातल्या मनात काढला असणार, कारण ते म्हणाले, "बाई, कायद्यानं हे बियाणं इकता येत नाई." आत्या म्हणाली, "कोण इकून राहिलं?"

लोकांना मात्र ते पाकीट हवंच होतं. बाबूजी आता खरं सांगत, "ते वांगं ह्या पाकिटातलं नोहोतं." लोकांना वाटे, शेठ चांगला माल दाबून ठेवतो आहे, आणि ते आणखी चिकाटीनं मागत. खोटं एका घासात खपलं, खरं खपवायला बाबूजींना दोन हंगाम लागले. तहसिलीचा माल पुढे दुसऱ्याच दुकानाला मिळाला. आज तसलंच वांगं शहरात 'एअरलूम', म्हणजे वाडवडिलांपासून आलेलं, या नावानं, चित्राच्या डबीत, मूठभर बियांना सोन्याचा भाव लावून विकतात. नातवानं मला मोबाइलवर दाखवलं. मी म्हटलं, घासाघीस करून बघ. तो म्हणाला, "आजी, ऑनलाइन घासाघीस होत नाही." बाबूजींचं म्हणणं खरंच होतं.

तर त्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्या मोजक्या रोपांवर पहिली वांगी धरली. आत्यानं त्यातलं एक निवडलं आणि कमरेची तीच लाल चिंधी काढून देठाला बांधली. त्या दिवशी मी शाळेतून आले तर दुकानाबाहेर फळा नव्हता. कापसाचा भाव नाही, आजचा शब्द नाही, बाकावरची मंडळी हिरमुसून बसलेली. फळा सापडला तो अंगणात, वाफ्याच्या कडेला, दोन दगडांच्या आधारानं उभा केलेला. त्यावर मराठीत, कोंबडीनं उकरावं तशा अक्षरात लिहिलं होतं, 'हे बियाचे आहे. हात लावू नये.'

आत्याला वाचता येत नव्हतं आणि आईला सांगायची गरज नव्हती. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा आत्या पाण्याची बादली खाली ठेवून हसायला लागली, कितीतरी दिवसांनी. त्या अंगणात ज्या एका माणसानं ते वाचायला हवं होतं, त्यानंच ते लिहिलं होतं.